व्याह्यापेक्षा मोठं विमान

माझ्या व्याह्याला मी वाईट म्हणणार न्हाई. कुशाबा माणूस चांगला हाय, आणि तेच तर माझं दुखणं हाय. वाईट असता तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. बोरी बुद्रुकला त्याची द्राक्षबाग, कापडं कायम इस्तरीची, बोलणं असं की समोरच्यानं कान पुढं करावा. आमच्या घरी जेवायला बसला तर ताटात शीत ठेवत न्हाई, आणि उठताना आमच्या मंगलला म्हणतो, "वैनी, आमटी झकास." मंगल मग पुढं आठवडाभर "व्याही असावं तर असं" म्हणत फिरते. मी तिच्या हातची आमटी सगळा जन्म खातोय, माझं कुणी असं नाव काढत न्हाई.

आता भांडणाचं मूळ सांगतो. भांडण म्हणजे आमी कधी भांडलो न्हाई. माझं मीच आपलं आतल्या आत.

माझा पोरगा अमृत भोसरीला कंपनीत. त्याची बायको अश्विनी, ती कुशाबाची लेक. त्यांची पोरगी संस्कृती, चौथीतनं पाचवीत गेलेली. मे महिन्याच्या सुट्टीचं आमचं ठरलेलं: आधीची सुट्टी आजोळी बोरीला, मग शाळा सुरू होईस्तोवर आमच्याकडं निरगुडसरला. ती आली की मी तिला घाटात न्यायचो. घाट म्हणजे डोंगरातला न्हवं, आमचा बैलगाडा शर्यतीचा घाट. खालनं वर चढत गेलेली सरळ पट्टी, खाली गाडा जुंपायचा, वर निशाण, एक पळ म्हणजे एक बारी. माझा हिऱ्या बैल त्या घाटात पळाला की बाया घरातनं बाहेर येऊन बघायच्या. पोरगी माझ्या खांद्यावर बसून "भिर्रर्र" करून वरडायची. तिला तेवढं एक माझ्याकडनं मिळायचं, आणि ते कुशाबाकडं न्हवतं.

हिऱ्या थकला आणि गेला. दुसरा बैल घ्यायची माझ्या गुडघ्यांची ताकद न्हवती. म्हणजे ह्या सुट्टीत पोरीला दाखवायला माझ्याजवळ काय? कांद्याची चाळ?

आणि नेमकं ह्याच सुट्टीत कुशाबानं विमान आणलं.

मला कळलं ते मोबाईलवर. त्यानं स्टेटस ठेवला व्हता. पिवळं धमक विमान आभाळात, खाली संस्कृती रिमोट धरून हुभी, तोंड आभाळाकडं, आणि हासत व्हती. खाली लिवलेलं, 'आमची पायलट.' मी बघितला. परत बघितला. मग पुन्हा बघितला. मंगल म्हणली, "आवं, घासून घासून काच पातळ व्हईल त्या मोबाईलची."

"आमची म्हणजे कुणाची?" मी म्हणलो. "जाधव हाय ती. आमची हाय."

"मग लिवा की तुमी पण स्टेटसला."

"काय लिवू? कांदा?"

त्याच संध्याकाळी पोरीचा फोन आला. लई खुशीत व्हती. "तात्या, मी शाळेपर्यंत अप्पांकडेच राहू का? आम्ही रोज विमान उडवतो. अप्पा म्हणाले, तात्यांना विचार आधी."

बघा चांगुलपणा! आधी तात्यांना विचार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणलो, "राहा की! तिकडंच राहा! आडनाव पण तिकडचंच लाव!" आणि फोन कापला.

मंगल म्हणली, "लेकराशी बोलताय, का कुशाबाशी?"

मी जेवलो न्हाई. जेवलो न्हाई म्हणजे मंगल निजल्यावर भाकरी खाल्ली, पण तिच्यासमोर न्हाई.

सकाळी अश्विनीचा फोन आला, की ठरल्यापरमाणं संस्कृती येणार, अमृत सोडायला येईल. जपून जपून बोलत व्हती. मी "बरं" म्हणलो आणि मंचरला जाऊन पुण्याची यष्टी धरली. हातात पिशवी आणि डोक्यात एकच, व्याह्यापेक्षा मोठं विमान. पोरीला इथं गोडी लागली न्हाई, तर ती वर्षाला एकदा पाया पडायला येणारी नात व्हणार, हे मला दिसत व्हतं. मंगलचं काय, तिची आमटी तरी चांगली हाय.

पुण्यात पेठेत विचारत विचारत गेलो. दुकान एवढंसं, पण छताला सगळी विमानं टांगलेली. गल्ल्यावर चष्मेवाल्या बाई व्हत्या. म्हणल्या, "कोणासाठी हवंय आजोबा? आधी कधी उडवलंय?"

"बैल उडवल्यात," मी म्हणलो.

त्या हासल्या, पण चेष्टेचं न्हाई. नीट सांगायला लागल्या. नवशिक्यानं पंख वरच्या अंगाला असलेलं विमान घ्यावं, खाली धड लोंबतं म्हणून ते वाकडं झालं तरी आपलं आपण सरळ होतं. फोमचं घ्यावं, आपटलं तरी चिकटवता येतं. फिरणारा पंखा नाकावर नको, मागं असावा, म्हणजे तोंडावर पडलं तरी मोडत न्हाई. आणि मुख्य म्हणजे सावकाश उडणारं घ्यावं, म्हणजे हाताला विचार करायला वेळ मिळतो.

"सावकाश?" मी म्हणलो. "बाई, आमच्या गावात सावकाश पळणाऱ्याला कुणी गुलाल लावत न्हाई."

त्यांनी एक खोकं काढून उघडलं. पिवळं धमक. तेच. कुशाबाचं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हे सोडून," मी म्हणलो.

"पहिल्यांदा उडवणाऱ्यांना आम्ही हेच देतो."

मी वर बोट केलं. काळं कुळकुळीत, टोकदार नाकाचं लढाऊ विमान टांगलेलं. काय रुबाब! "ते काढा."

"आजोबा, ते नको. पहिल्या दिवशी नातीच्या डोळ्यांसमोर तुकडे होतील त्याचे."

नातीचं नाव घेतलं म्हणून गप बसलो. पण डोक्यातलं पिवळं काय जाईना. शेवटी विचारलं, "ह्यातच मोठं हाय का?"

"आहे. याचाच मोठा भाऊ. लाल रंगात."

"कितीनं मोठा?"

"वीतभर असेल."

"बास!" मी म्हणलो. वीतभर म्हणजे वीतभर. गाडा नाकभर फरकानं जिंकला तरी जिंकलाच की.

बॅटरी कशी चार्ज करायची, रिमोटची कोणती काडी कशाला, सगळं त्यांनी दाखवलं. खोकं बांधता बांधता म्हणल्या, "आणि सोडताना एक लक्षात ठेवा, वारा—"

"वाऱ्याचं मला नका सांगू बाई," मी म्हणलो, "माझा जन्म घाटात गेलाय."

त्यांनी खोक्याला गाठ मारली. मी खोकं छातीशी धरून परत आलो.

संस्कृती आली. पाया पडली, मंगलच्या गळ्यात पडली. माझ्याजवळ जरा दबकत आली. मी खोकं पुढं केलं. तिनं उघडलं, आणि डोळं असं मोठं झालं तिचं! "लाल!" म्हणली.

"वीतभर मोठं हाय," मी म्हणलो.

"कशापेक्षा?" मंगल मुद्दाम म्हणली.

पोरगी मात्र खाली मान घालून कामाला लागली. तिनं विमान जोडलं. मी सूचना वाचत बसलो, तवर हिनं पंख बसवून रबर लावून तयार पण केलं. मी मनात म्हणलो, पोरगी हुशार हाय, बापावर गेली. आणि एक गोष्ट मला लई आवडली. तिनं बोरीचा ब पण काढला न्हाई. अप्पा न्हाई, द्राक्षं न्हाई, पिवळं विमान न्हाई. ती तिकडं गेलीच न्हवती असं वाटावं. मी मंगलला म्हणलो, "बघ, विसरली."

मंगल कणीक मळत व्हती. तिनं मान वर केली न्हाई.

उन्हं कलल्यावर आमी घाटात गेलो. यात्रा होऊन गेलेली, घाट मोकळा. आमचा घाट मावळतीकडनं उगवतीकडं चढतो. संध्याकाळचा वारा मावळतीचा, म्हणजे खालनं वर, बरोब्बर पाठीवर. गाडामालकाला ह्याच्यापेक्षा काय पायजेल? मी विमान घेऊन खाली, गाडा जुंपतात त्या जागी हुभा राहिलो. पोरीच्या हातात रिमोट.

"वारा पाठीशी घ्यायचा," मी तिला शिकवलं. "पाठीवर हात पडला की बैल पळतो. सुटायचं खालनं, जायचं निशाणाला. घाटात वरनं खाली कुणी पळवत न्हाई, ध्यानात ठेव."

तिनं तोंड उघडलं. "तात्या, पण—"

"काय पण?"

"काही नाही. सोडा तुम्ही."

मी "भिर्रर्र" करून असं जोरात फेकलं! विमान थोडं गेलं, लटपटलं, आणि नाकावर. मी म्हणलो, पहिली बारी अशीच जाते. परत फेकलं. परत नाकावर. तिनं रिमोट वर केला, खाली केला, काय उपेग न्हाई. चढ समोरनं अंगावर यायचा आणि विमान त्याच्यात जाऊन बसायचं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गावातली चार टाळकी बघायला आली. त्यात जानकू. यात्रेत माईक ह्याच्याच हातात असतो, आणि माईक नसला तरी ह्याला कळत न्हाई. कडंनं वरडला, "गेणभाऊऽ, बारी बाद! बैलाला पेंड कमी पडली राव!"

सगळी हासली. पोरगी हासली न्हाई. ती पळत जाऊन विमान उचलून आणायची, नाकावरची माती पुसायची आणि माझ्या हातात द्यायची. "परत करू या तात्या," म्हणायची. दर बारीला तेच, परत करू या तात्या. आणि मला ती चिकाटी दिसायची न्हाई, मला फकस्त ते स्टेटस दिसायचं. तिथं ती आभाळाकडं बघून हासत व्हती. इथं ती मातीकडं बघत व्हती.

त्या संध्याकाळी विमान उसाच्या कडंला जाऊन पडलं. बिबट्याच्या भीतीनं आमच्याकडं तिन्हीसांजेला उसाजवळ कुणी पोर जाऊ देत न्हाई. मीच काठी आपटत, खाकरत गेलो आणि घेऊन आलो. डाव्या पंखाला चीर. आणि माझं टाळकं फिरलं.

"तिकडं बोरीत कसं उडतं गं?" मी म्हणलो. "तिथं काय आभाळ येगळं हाय? का त्यांच्या हाताला सोनं लागलंय?"

तिनं पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ मारली. म्हणली, "मला नाही माहीत."

घरी येऊन पंखाला टेप मी लावली. ती शेजारी बसून टेपचे तुकडे कापून देत व्हती. मला वाटलं, झालं. उद्या हिचा बाप फोन करणार, की तिला करमत न्हाई, बोरीला सोडतो.

दुसऱ्या दिवशी आमी परत गेलो. पहिलीच बारी निम्म्या घाटात जाऊन उताणी. पोरगी आणायला वर पळाली. तवर खाली जानकूनं मला धरलं. "गेणभाऊ, माझं ऐक. दुकानात तुला फसवलं. कुशाबा व्याह्यांचं बघ, म्हणं घारीगत फिरतं—"

"कुशाबाचं नाव घेऊ नको माझ्यापुढं!" मी एवढ्या मोठ्यानं वरडलो की वरच्या वस्तीवरचं कुत्रं भुकायला लागलं. "त्याची बाग, त्याची इस्तरी, त्याचं विमान! काय त्याला देवानं ठेका दिलाय का चांगलं असण्याचा?"

जानकू माझ्याकडं बघत न्हवता. तो माझ्या डोक्यावर बघत व्हता. तोंड उघडं.

मग मला आवाज आला. गुंऽऽ असा.

मी वर बघितलं. लाल विमान. माझ्या डोक्यावरनं, एवढ्या उंचावरनं, मावळतीकडं निघालेलं. जरा डाव्या अंगाला झुकलं, टेप चमकली, वळलं, आणि परत घाटावर आलं. आणि लांब वर, निशाणाच्या दगडाशी, माझी नात हुभी व्हती. तोंड आभाळाकडं. हासत व्हती.

"आरं, पण हिनं उलटं सोडलं की!" जानकू म्हणला. "वरनं खाली! वाऱ्याच्या तोंडावर!"

मी चढ चढायला लागलो. गुडघं काय म्हणतात ते ऐकलं न्हाई. खरं सांगतो, आधी मला रागच आला. घाटात वरनं खाली! तिनं मला येताना बघितलं आणि तिचं हासू गेलं. तिनं विमान फिरवून घेतलं, हळूहळू खाली आणलं, आणि शेजारच्या कापणी झालेल्या वावरात असं अलगद उतरवलं, की बगळा पण तसा उतरणार न्हाई.

मी जवळ गेलो. धापा टाकत हुभा राहिलो.

तीच आधी बोलली. "चुकून उडलं तात्या," म्हणली. "माझ्याकडून चुकून झालं."

"चुकून?" मी म्हणलो. "आणि उतरलं ते पण चुकून?"

तिनं रिमोट पाठीमागं लपवला.

"कुणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही."

"संस्कृती."

"अप्पांनी. विमान वाऱ्याच्या तोंडावर सोडायचं असतं. मग वारा त्याला वर उचलतो. पाठीमागून आला की पाडतो."

"मग पहिल्या दिवशी का सांगितलं न्हाईस? किती आपटलं आपण! गाव हासलं मला!"

"सांगणार होते. पण मग तुम्ही विचारलं असतं, कोणी शिकवलं. अप्पांचं नाव घेतलं की तुम्हाला राग येतो. फोनवर आलेला ना? म्हणून मी ठरवलं, तुम्ही बघत नसाल तेव्हा एकदाच करून बघायचं. मग मला आपोआप जमलं असं सांगायचं."

मी खाली बसलो. निशाणाच्या दगडावरच बसलो.

ती पुढं बोलत राहिली, तोंडाला येईल तसं. "तिकडे मी तुमचं नाव नाही काढत. हिऱ्याचं, घाटाचं काही सांगितलं ना, की अप्पा ताटावरून उठतात. म्हणतात, आमच्याकडं कुठं बैल आहेत बाई, आम्ही साधी माणसं. मग आजी मला खुणावते. मम्मीने सांगितलंय, तिकडचं इकडं बोलायचं नाही आणि इकडचं तिकडं बोलायचं नाही. मी नाही बोलत. विचारा कोणालाही."

आता खरं सांगू? पहिल्यांदा मला आनंद झाला. कुशाबा ताटावरनं उठतो! इस्तरीवाला, शीत न ठेवणारा कुशाबा माझ्या नावानं जेवण टाकून उठतो! त्यानं विमान का आणलं ते मला तिथं बसल्या बसल्या कळलं. माझ्या बैलाला उत्तर म्हणून आणलं त्यानं. मला असं गार वाटलं, की मी हासणारच व्हतो.

तेवढ्यात माझी नजर पोरीवर गेली. ती माझ्या तोंडाकडं बघत व्हती. बारीक नजर लावून, मी चिडलोय का न्हाई ते बघत व्हती. एवढीशी पोर. सुट्टीत मजा करायला आलेली. दोन म्हाताऱ्यांच्या मधी बसून एकाचं दुसऱ्यापासनं लपवत व्हती, आणि कुणाचा राग कशानं जाईल त्याचा हिशेब करत व्हती. विमान उडवलं तर चोरी केल्यागत माफी मागत व्हती. माझा आनंद तिथंच आटला. लाज वाटली मला, लई वाटली.

"पोरी," मी म्हणलो, "ह्याच्यात तुझं काय चुकलं न्हाई."

तिला खरं वाटलं न्हाई. ती विमान आणायला गेली आणि आणून माझ्या हातात दिलं, रोजच्यागत. मी ते परत तिच्या हातात दिलं.

"अप्पांनी शिकवलं तसं सोड," मी म्हणलो. अप्पा म्हणणं जड गेलं, पण म्हणलो.

"वरून खाली?"

"वरनं खाली."

"घाटात चालतं?"

"जानकूऽ!" मी खाली हाक मारली. "घाट मोकळा ठेव! वरनं बारी येतीया!"

जानकू बाजूला झाला, टोपी धरून. तिनं वाऱ्याकडं तोंड केलं आणि सोडलं. मी भिर्रर्र केलं. बॅटरी संपस्तोवर उडवलं आमी. मला पण रिमोट दिला तिनं, मी लगेच विमान पाडलं, आणि ती खळाळून हासली.

अंधारायच्या आत निघालो. उसाच्या वाटेनं मोठ्यानं बोलत चालायचं असतं, म्हणजे बिबट्याला चाहूल लागते आणि तो बाजूला व्हतो. एरवी मीच बोलतो. त्या दिवशी मी म्हणलो, "बाय, तू बोल."

"काय बोलू?"

"बोरीचं बोल."

ती चालता चालता थांबली. परत माझ्या तोंडाकडं बघितलं तिनं. अंधारात काय दिसलं तिला कोण जाणे. "खरंच बोलू? चिडणार नाही?"

"चिडलो तर चिडलो. तू थांबू नको."

आणि मग जी सुरू झाली ती पोरगी! किती दिवसांचं साठलेलं व्हतं. अप्पांनी पिवळं विमान पहिल्या दिवशी द्राक्षाच्या मांडवावर पाडलं, आणि शिडी लावून स्वतः चढले, आणि शर्ट फाटला. अप्पांना गाणी येतात. अप्पा तिला बागेत कात्री धरायला शिकवतात. अप्पा रोज रात्री तिच्या पायाला तेल लावतात. अप्पा असं, अप्पा तसं. एकेक वाक्य माझ्या काळजात कुसळागत टोचत व्हतं. तेल मी कधी लावलं न्हवतं.

घर दिसायला लागलं तशी ती हळू झाली. दारात मंगल हुभी व्हती. पोरीनं आवाज खाली आणला, मग गप झाली.

"मग?" मी म्हणलो. "शर्ट फाटला, मग पुढं काय झालं?"